आक्काच्या वासाची पेटी

मुलांनो, जरा डोळे मिटा. लबाडी नको, पूर्ण मिटा. अगदी लहान असताना तुम्ही ज्या माणसाच्या कुशीत झोपायचा, ते माणूस आठवा. चेहरा राहू दे, आवाजही राहू दे. त्या माणसाचा वास आठवा. आईच्या केसांचा असेल, बाबांच्या शर्टाचा असेल, कोथिंबीर निवडलेल्या मावशीच्या हातांचा असेल. आला? आता अशी कल्पना करा की तो वास एका पेटीत भरून ठेवता येतो. माणूस दूर कामाला गेलं तरी वास तुमच्याजवळ.

बरं वाटलं ना? ऊर्वीच्या आईलाही असंच बरं वाटलं होतं. उघडा डोळे. ऊर्वीची गोष्ट अजून घडलेली नाही. तुमच्यातली मोठी मुलं आईबाबा होतील त्या सुमाराला ती घडू शकेल.

इचलकरंजीच्या बाहेरच्या माळावर तेव्हा एक मोठं वस्त्रसंकुल उभं राहिलेलं असेल. तिथे माग आपोआप चालतात, पण कापडातला दोष शोधायला अजून माणसाचा डोळा लागतो. ऊर्वीची आई पद्मजा मगदूम तिथे कापड तपासायला होती. बाबा भरतेश त्याच संकुलात यंत्रं दुरुस्त करायचे. आणि घरी होती आक्का, म्हणजे भरतेशची थोरली बहीण, ऊर्वीची आत्या. भरतेश सात वर्षांचा असताना त्यांची आई गेली. आक्काने दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरून या भावाला वाढवलं, आणि पुढे ऊर्वीला जन्मल्यापासून साडेतीन वर्षं तिनेच सांभाळलं. कापसाचा बारीक तूस वर्षानुवर्षं छातीत गेल्यामुळे तिला कायमचा खोकला होता. त्या खोकल्यामुळेच एके दुपारी ती भिंतीला टेकून बसली, तिचा डोळा लागला आणि ऊर्वी पायरीवरून पडली.

"तीन टाके पडले, आक्का," भरतेश म्हणाला. "हनुवटीवर निभावलं. डोळ्याला लागलं असतं तर? तिला पाळणाघरात घालायचं म्हणतोय आम्ही."

"लागलं न्हाई न्हवं? त्याच पायरीवरनं तू चारदा पडलायस. तुला कुठं ठेवलंतं मी पाळणाघरात?"

"तेव्हा नव्हती गं असली पाळणाघरं."

"म्हणून वाचलास," आक्का म्हणाली, आणि पद्मजासकट तिघंही हसली. पण पुढच्या सोमवारी पद्मजाने संकुलातल्या पाळणाघरात ऊर्वीचं नाव घातलं.

त्या पाळणाघराची ख्याती अशी, की तिथे मुलं रडत नाहीत. का बरं रडत नसतील?

आपण काही पाहतो किंवा ऐकतो, तेव्हा ती खबर मेंदूत आधी एका चौकीवर थांबते आणि मग पुढे जाते. वासाला मात्र ही चौकी लागत नाही. तो नाकातून जवळजवळ थेट तिथे पोचतो, जिथे आपली भीती आणि आपल्या जुन्या आठवणी शेजारी शेजारी राहतात. म्हणून ओळखीचा वास आला की विचार करायच्या आधीच आपलं मन निवतं. शास्त्रज्ञांनी याचाच उपयोग करून घेतला. मुलाच्या मनगटावर एक पट्टा बांधायचा. मूल घाबरू लागलं की नाडी पळते, तळहाताला आणि मनगटाला किंचित घाम येतो, आणि हे आईला कळायच्या आधी पट्ट्याला कळतं. पट्टा खोलीतल्या पेटीला खबर देतो. पेटी त्या मुलाच्या आवडत्या माणसाचा वास हवेत सोडते. तो इतका थोडा, की मोठ्यांच्या नाकाला पत्ताही लागत नाही. आठ सेकंदांत भीती विरते. पाळणाघरातली माणसं तिला मायेची पेटी म्हणत.

हे सगळं सगळ्या आईबाबांना मोबाईलवर आणि पाळणाघरात भिंतीवरच्या एका पडद्यावर दिसायचं. प्रत्येक मुलाची एक रेघ, सगळ्या एकाखाली एक. मूल शांत असलं की हिरवी, घाबरलं की लाल.

पेटीला वास शिकवायचा तर त्या माणसाचं कापड लागतं. पाळणाघराच्या प्रमुख वृंदाताई पद्मजाला म्हणाल्या, "ऊर्वी कुणापाशी सगळ्यात निवांत असते?"

"तिच्या आक्कापाशी," पद्मजा म्हणाली. हे कबूल करताना तिला थोडं लागलंच.

"मग त्यांचं एखादं जुनं पातळ आणा. चार दिवस अंगावर वापरलेलं. आणि मुख्य म्हणजे न धुतलेलं."

घरी हे ऐकून आक्काने डोळे मोठे केले. "पारोसं? अंगावरचं पारोसं लुगडं परक्याच्या दारात पाठवू? लोक काय म्हणतील, मगदुमांच्या घरात साबण न्हाई?"

"आक्का, यंत्राला तेच लागतं. तुमचा घाम, तुमचा वास."

"बरं बाई. देते."

आता आक्काने काय केलं ते पद्मजाला ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला सांगतो. चार दिवस तिने पातळ नेसलं, हे खरं. पाचव्या दिवशी ते घडी करून पिशवीत घालताना तिचा हात थांबला. असं कसं पाठवायचं? तिने ते साबणाने खसखसून धुतलं आणि उन्हात वाळवलं. लहान मुलांच्या खोलीत जायचं म्हणून त्याला धुरीही दिली. तुमच्यातल्या पुष्कळांना तान्हेपणी धुरी मिळाली असेल. बाळाची आंघोळ झाली की निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, थोडा धूप टाकतात, त्या धुरावर बाळाची दुपटी धरतात आणि बाळालाही लांबून शेक देतात. ऊर्वीला आक्काने सव्वा वर्षं रोज धुरी दिली होती. धुरी झाली की आक्काची मांडी, मांडीवर झोप. तीच धुरी आता पातळाला मिळाली.

पातळात आक्का उरलीच नव्हती. उरला होता तो धूर.

यंत्राला हे कसं कळणार? त्याला जे सापडलं ते त्याने शिकून घेतलं. आठवड्याने वृंदाताईंचा फोन आला. "पद्मजाताई, इतका ठळक वास आम्हाला आजवर कुणाचा मिळाला नव्हता हो!"

"ऐकलंत आक्का? तुमचा वास ठळक आहे म्हणे," पद्मजा हसत म्हणाली.

आक्का चुलीपाशी गेली आणि उगाचच भांडी हलवू लागली.

ऊर्वीची रेघ पहिल्याच दिवशी हिरवी झाली. चार महिने ती हिरवीच राहिली. कुत्रं भुंकलं तरी हिरवी, डॉक्टरांनी सुई टोचली तरी हिरवी. पद्मजा कापड तपासता तपासता मधूनच मोबाईल बघायची आणि निर्धास्त होऊन पुन्हा कापडाकडे वळायची. घरी मात्र एक गोष्ट घडत होती. संध्याकाळी आक्का मांडी घालून हात पसरायची. ऊर्वी जवळ यायची, तिच्या मानेपाशी नाक न्यायची, क्षणभर थांबायची आणि खेळायला निघून जायची.

"माझ्या मांडीवर टिकंना गं पोर," आक्का एकदा म्हणाली.

"मोठी झाली, आक्का," पद्मजा म्हणाली.

तिकडे वृंदाताईंच्या लक्षात आणखी एक गंमत आली. ऊर्वीसाठी पेटीने वास सोडला की बाकीची मुलंही शांत होत. सगळ्यांच्या घरी धुरी झालेली, त्यामुळे सगळ्यांच्या मनात तो वास कुणाच्या तरी मांडीला चिकटलेला! वृंदाताईंना हे कारण माहीत नव्हतं, फक्त परिणाम दिसत होता. मग बावीस मुलांसाठी बावीस वास ठेवायचे कशाला? त्यांनी सगळ्यांना एकच वास लावला. पद्मजाला भेटून त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमची आक्का आता सगळ्यांची आक्का झाली बघा."

एका रविवारी सकाळी शेजारच्या रिकाम्या जागेत कुणीतरी वाळक्या झावळ्या आणि पालापाचोळा पेटवला. आक्का पायरीवर मेथी निवडत होती, ऊर्वी तिच्याजवळ देठांची ओळ लावत होती. वारा फिरला आणि पांढऱ्या धुराचा लोट अंगणात आला. आक्काला ठसका लागला. ऊर्वीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर इतकं गोड हसू आलं, की खिडकीतून बघणारी पद्मजाही हसली. मग ऊर्वी उठली आणि धुराकडे चालू लागली.

"ऊर्वी, मागं ये," पद्मजा म्हणाली.

ऊर्वी चालतच राहिली. धुरात शिरली. तिला खोकला येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. समोर झावळ्यांचा जाळ हातभर उंच झाला होता.

खोकत खोकत आक्काच धावली. तिने पोरीच्या कमरेला विळखा घालून तिला उचललं तेव्हा ऊर्वीच्या कपाळावरचे केस जाळाने आखडले होते.

"कुठं चाललीवतीस गं बये?"

"आक्काकडं," ऊर्वी म्हणाली आणि तिने पुन्हा धुराकडे हात पसरले.

"अगं मी आक्का! मी हितं हाय!"

ऊर्वीने तिच्याकडे पाहिलं. वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या आईकडे पाहावं, तसं पाहिलं.

पद्मजाने मोबाईल काढला. सुट्टीच्या दिवशीही पट्टा मनगटावर असायचा. रेघ हिरवी होती. आगीच्या तोंडाशीही ती हिरवी राहिली होती.

"आक्का," ती हळू म्हणाली, "ते पातळ तुम्ही धुतलं होतंत?"

आक्काने पदराने ऊर्वीचं तोंड पुसलं. "धुतलं. धुरी बी दिली. पोरांच्या खोलीत जायाचं हुतं न्हवं. घाणेरडं कसं देऊ?" मग ती रडू लागली. "माझंच चुकलं गं."

"तुमच्या एकटीचं नाही," पद्मजा म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे आता ऊर्वी नव्हती. बावीस मुलं होती.

सोमवारी तिने वृंदाताईंना धुरीचं आणि रविवारचं सगळं सांगितलं. वृंदाताईंचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनाही भीती वाटली, पण माणूस घाबरला की कधी कधी चुकीचा हिशेब मांडतो.

"पेटी एकदम बंद केली तर बावीस मुलं एकाच वेळी बिथरतील," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांत त्यांना रडायची सवयच राहिली नाही. रोज थोडा थोडा कमी करते. दहा दिवस द्या मला."

"आणि दहा दिवसांत कुठं धूर झाला तर?"

"इथे? इथे कोण चूल पेटवतंय, पद्मजाताई?"

ऊर्वीला घरी ठेवायचं, इतकी साधी गोष्ट होती. पण बुधवारी परदेशी गिऱ्हाईक माल बघायला येणार होतं, भरतेशला सुट्टी नव्हती, आणि आक्काला रविवारच्या धुराने रात्रंदिवस खोकला लागला होता. पद्मजाने मधला मार्ग काढला. दहा दिवस आक्काने पाळणाघराच्या दाराशी बसायचं. मुलांकडे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघेल. वृंदाताई लगेच कबूल झाल्या.

"एवढी शिकलीसवरलीस," भरतेश त्या संध्याकाळी म्हणाला, "आणि शेवटी माझ्या आक्कालाच पाळणाघरात घातलंस!" पद्मजाला हसू आलं नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता संकुलात भोंगा वाजला.

पाळणाघराच्या मागे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांची चवड होती. शेजारच्या शेडमधली ठिणगी तिच्यावर पडली होती. पद्मजा दोन इमारती पलीकडे होती. तिने पहिल्यांदा मोबाईल पाहिला. भोंग्याने दचकून बावीसच्या बावीस रेघा लाल झाल्या होत्या. तिने मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... पळा रे पोरांनो. पाच, सहा... आठ.

बावीस रेघा हिरव्या झाल्या.

खिडकीतून तिला पाळणाघराच्या छपरामागे धूर दिसत होता. ती पळत सुटली.

दारात आक्का दोन्ही हात पसरून आडवी उभी होती. वृंदाताई आणि मदतनीस शोभा काखेत दोन दोन मुलं घेऊन बाहेर येत, अंगणात ठेवत आणि पुन्हा आत धावत. पण बाहेर ठेवलेली मुलं न रडता, न बोलता वळत आणि आक्काच्या पायांमधून पुन्हा आत शिरू पाहत. आक्का त्यांना अडवत होती, खोकत होती, ओरडत होती. "पद्मा, ऊर्वी आत हाय! माझ्याकडं बघत बी न्हाई गं!"

पद्मजा आत शिरली. मागच्या भिंतीच्या जाळीतून धूर येत होता. त्या जाळीखाली अठरा मुलं मांडी घालून बसली होती, गोष्ट ऐकायला बसावं तशी. काही पेंगत होती. एक मुलगा खोकला की हसायचा. ऊर्वीने गाल भिंतीला टेकला होता.

पद्मजाने आधी पेटीची वायर उपटली. पण आता पेटीची गरजच नव्हती. खरा धूर पेटीपेक्षा दसपट माया करत होता.

"ऊर्वी, चल!"

"आई, हळू बोल ना," ऊर्वी कुजबुजली. "आक्का झोपवतीय."

दारात खरी आक्का तिचं नाव घेऊन घसा फोडत होती.

एकीला उचलून पळता आलं असतं. पद्मजाने तिला उचललंही. मग तिने खाली बघितलं. सतरा मुलं तशीच बसलेली. तिने ऊर्वीला खाली ठेवलं.

मुलांनो, भोंगा आणि पेटी कालपरवाची. त्यांच्याही आधीपासून, माणूस गुहेत राहत होता तेव्हापासून, मुलांना धोका एकाच गोष्टीवरून कळत आला आहे. आपल्या माणसाच्या तोंडावरून. पडलेलं पोर रडायच्या आधी आईकडे बघतं, पाहिलंय ना तुम्ही? पद्मजाने चार महिने ते तोंड झाकून ठेवलं होतं. पाळणाघराचा आईबाबांसाठीही नियमच होता, मुलासमोर नेहमी शांत चेहरा, गोड आवाज. आत्ताही ती सवयीने गोड आवाजातच 'चल' म्हणाली होती.

ती गुडघ्यांवर बसली. ऊर्वीचं तोंड तिने दोन्ही हातांत धरलं, स्वतःच्या तोंडासमोर आणलं, आणि रविवारपासून आत दाबून ठेवलेलं सगळं चेहऱ्यावर येऊ दिलं.

"ऊर्वी, बघ माझ्याकडं. मला भीती वाटतीय. खूप भीती वाटतीय. आपण जळू गं!"

तिचे ओठ थरथरत होते. आवाज फाटला होता. ऊर्वी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईचं असं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. एक क्षण गेला. दुसरा गेला. धूर खाली उतरत होता.

मग ऊर्वीचा खालचा ओठ बाहेर आला.

आधी आवाजच फुटला नाही, नुसतं तोंड उघडलं. आणि मग अशी किंकाळी फुटली की वृंदाताई दारात थिजल्या. शेजारच्या मुलाने ऊर्वीकडे पाहिलं आणि त्याने भोकाड पसरलं. त्याच्या शेजारच्या मुलीने. मग मागच्या रांगेने. लहान मुलांचं रडणं हे असंच असतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या रेघा एकेक करून लाल होत गेल्या. मुलं उठली. कुणी भिंतीकडे पाहिलं आणि मागे सरलं. मग सगळी एकदम उजेडाकडे, दाराकडे, आपापल्या माणसाला हाका मारत पळाली. आक्का दारातून बाजूला झाली आणि आधी बाहेर आणलेली चार धरून एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजू लागली. तिने मोठ्याने बावीस म्हटलं तेव्हा आतली जाळी तडकून खाली पडली.

लांब मोकळ्या मैदानात सगळ्यांना नेलं. आगीचा बंब आला. भरतेश धावत आला, त्याने बायकोला आणि पोरीला एकदमच मिठी मारली. आक्का थोड्या वेळाने आली. तिचं तोंड काळवंडलं होतं, पातळ धुराने भरलं होतं. ती खाली बसली आणि सवयीने तिने हात पसरले.

ऊर्वी तिच्याकडे वळली, तिने एक पाऊल पुढे टाकलं, आणि वास आला तशी किंचाळून मागे सरली. आईच्या पायांमागे लपली.

भरतेश म्हणाला, "अगं, आक्का आहे ती."

"राहू दे," आक्का म्हणाली. तिने हात मागे घेतले आणि ती सरकत सरकत आणखी दूर जाऊन बसली. "बरं झालं. भ्याली पोर. भिऊ दे तिला."

तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

बाकीच्या मुलांचे आईबाबा येत होते. सगळ्या मैदानभर रडणं चाललं होतं आणि कुणीच कुणाला गप्प करत नव्हतं. ऊर्वीही रडत होती. रडता रडता ती आईच्या पायांमागून डोकावत होती. पाठमोऱ्या आक्काकडे बघायची, पुन्हा लपायची. आक्काला खोकल्याची उबळ आली. एकदा आली, थांबली, पुन्हा आली. तसा खोकला ऊर्वीने जन्मापासून ऐकला होता.

ती बाहेर आली. दोन पावलं चालली आणि थांबली. मग तिने एका हाताच्या चिमटीत नाक घट्ट धरलं, तोंडाने हुंदके देत आक्कापर्यंत गेली, आणि दुसऱ्या हाताने तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं.